रुग्णालय किती खाटांचं, हा प्रश्नच चुकीचा आहे

तालुक्याच्या गावी नवं रुग्णालय होणार अशी बातमी आली की चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो, "किती खाटांचं?" तीसचं पन्नास झालं की अभिनंदनाचे फ्लेक्स लागतात. पन्नासचं शंभर झालं की पेढे वाटले जातात. सीटी स्कॅनचं मशीन आलं की फीत कापून त्याच्यासमोर फोटो काढले जातात.

आजचा लेख या पहिल्या प्रश्नाच्या विरोधात आहे. खाटा मोजून रुग्णालय कळत नाही. ज्या गावाने फक्त खाटा मागितल्या, त्याला शेवटी फक्त खाटाच मिळतात. हे थोडं कडक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

हे पटवून द्यायला मला परदेशात जायची गरज नाही. आपल्याच राज्यात जामखेडला एक रुग्णालय ५० वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असते, पण ती 'थोर समाजसेवक' या कप्प्यात ठेवून आपण विसरून जातो. मला ती हार घालण्यासाठी सांगायची नाही, डॉक्टरी हिशेबाने सांगायची आहे. त्या रुग्णालयाने कोणत्या सेवा दिल्या, काळाप्रमाणे त्या कशा बदलल्या, आणि मुख्य म्हणजे त्या ठरवल्या कशाच्या आधारावर?

जामखेडला काय झालं?

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. १९६० च्या दशकात दोघांनी नेवासा तालुक्यातल्या वडाळा इथल्या मिशन रुग्णालयात काम केलं. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बरं करून घरी पाठवलेलं मूल काही आठवड्यांनी त्याच आजाराने परत येतं. वॉर्ड भरलेला, डॉक्टर दमलेले आणि गावातला आजार मात्र होता तेवढाच. त्यानंतर ते अमेरिकेत गेले, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७० मध्ये अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दुष्काळी टोकाला, जामखेडला आले. सुरुवात झाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत.

लोकांना काय हवं होतं? तुम्हाला-मला हवं असतं तेच. इंजेक्शन, सलाईन, ऑपरेशन. आरोळे दांपत्याने ते नाकारलं नाही. अडलेली बाळंतपणं केली, शस्त्रक्रिया केल्या. पण त्याच वेळी त्यांनी दुसरा हिशेब मांडला. या भागात माणसं मरतात कशाने, आणि त्यातले किती मृत्यू रुग्णालयाच्या खाटेवर टळू शकतात?

त्या काळचे आजार आठवून पाहा. मुलांना जुलाब-उलट्या, नवजात बाळांना धनुर्वात, क्षयरोग, कुष्ठरोग, कुपोषण आणि बाळंतपणातले मृत्यू. यातले तीन आजार घेऊन मी थोडं समजावून सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

जुलाबाने मूल दगावतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार संपल्यामुळे. पूर्वी उपाय एकच मानला जायचा, शिरेतून सलाईन. पण आपल्या आतड्याची एक सोय आहे. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र आले की आतडं ते दोन्ही एकदम शोषून घेतं आणि त्यांच्यामागे पाणीही आत जातं. जुलाब चालू असतानाही ही व्यवस्था शाबूत असते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडचं सलाईन संपत आलं, तेव्हा त्यांनी साखर-मीठ-पाण्याचं हे मिश्रण पिंपांमधून नातेवाइकांच्या हाती दिलं. पटकीचे मृत्यू साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आता सांगा, या आजारासाठी गावाला काय हवं होतं? एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ आणि हे प्रमाण शिकलेली आई. फार थकलेल्या, पिऊ न शकणाऱ्या मोजक्या मुलांसाठीच खाट लागते.

नवजात बाळाचा धनुर्वात पाहा. नाळ विळ्याने किंवा मळक्या ब्लेडने कापली जायची, वर राख किंवा शेण लावलं जायचं. आठवड्याभरात बाळ दूध ओढणं बंद करायचं, आकडी यायची. एकदा हा आजार सुरू झाला की मोठ्यातल्या मोठ्या रुग्णालयातही बाळ वाचवणं अवघड. पण गरोदरपणात आईला दोन इंजेक्शनं आणि नाळ कापायला नवं ब्लेड, एवढ्यावर तो टळतो. २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ते धनुर्वाताचे वॉर्ड वाढवून झालेलं नाही.

क्षयरोगाची गोष्ट तर अजून बोलकी आहे. एके काळी क्षयावर उपचार म्हणजे सॅनिटोरियम. मिरजेजवळ वानलेसवाडीला असं प्रसिद्ध सॅनिटोरियम होतं. रुग्णांनी महिनोन्‌महिने तिथे राहायचं, हवा खायची, अंडी-दूध घ्यायचं. १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं की घरी राहून नियमित गोळ्या घेणारे रुग्ण सॅनिटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे होतात आणि त्यांच्यामुळे घरच्यांना होणारी लागणही जास्त नसते. एका अभ्यासाने हजारो खाटांची गरज संपवली. त्यांच्या जागी गरज आली ती रुग्ण गोळ्या घेतोय ना, हे दर महिन्याला पाहणाऱ्या माणसाची.

जामखेडच्या रुग्णालयाने हाच धागा पकडला. आधी गावोगावी प्रशिक्षित नर्स ठेवून पाहिल्या. बाहेरून आलेल्या नर्सला एकटीने गावात राहणं जमेना आणि गावालाही ती आपली वाटेना. मग गावाने आपल्यातलीच एक बाई निवडायची असं ठरलं. यातल्या अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, सगळ्या जातींच्या बाया एकत्र जेवायच्या, एकत्र मुक्काम करायच्या. एकेक विषय शिकून गावी परत जायच्या आणि पुढच्या आठवड्यात काय जमलं, काय अडलं ते सांगायच्या. बाळंतपण, मुलांचं वजन, साखर-मीठ-पाणी, लसीकरण, क्षयाच्या गोळ्या, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्या करू लागल्या. शेतकऱ्यांची मंडळं झाली, महिला मंडळं झाली. पिण्याच्या पाण्याच्या बोअरवेल खणल्या गेल्या.

परिणाम? १९७१ च्या सुमारास त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या आत आला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांवर जे पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेने 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा दिली, त्यामागच्या विचारांत जामखेडचाही वाटा होता. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पण माझा मुद्दा पुरस्काराचा नाही. तिथलं रुग्णालय बंद पडलं नाही, ही बाब नीट लक्षात घ्या. गावात टळणारे आजार गावात टळू लागले की रुग्णालयाच्या खाटा ज्यांना खरंच लागतात त्यांच्यासाठी मोकळ्या होतात. अडलेलं बाळंतपण, हर्निया, मोडलेलं हाड. पुढे अपंगांसाठी कृत्रिम पाय बनवण्याचं काम तिथे सुरू झालं. आणखी काही वर्षांनी माणसं जास्त जगू लागली, तेव्हा रक्तदाब, मधुमेह, मानसिक आजार हे विषय आले आणि गावातल्या त्याच कार्यकर्त्या बीपी मोजायला शिकल्या. आजार बदलले तशा सेवा बदलल्या. सामुदायिक रुग्णालय म्हणजे हेच.

दुसरीकडे काय झालं?

आता आपल्या सरकारी ग्रामीण रुग्णालयाकडे या. १९४६ मध्ये भोर समितीने दूरच्या पल्ल्याचं स्वप्न मांडलं होतं ते १० ते २० हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांच्या रुग्णालयाचं. प्रत्यक्षात आपण सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात ८० हजार लोकसंख्येमागे ३० खाटा, या मापावर आलो. ठीक आहे, देश गरीब होता. पण कागदावर त्या ३० खाटांमागे चार विशेषज्ञ होते. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. भूलतज्ज्ञाची भर नंतरच्या मानकांत पडली. केंद्र सरकारचीच आकडेवारी सांगते की देशभरातल्या अशा रुग्णालयांत गरजेच्या तुलनेत सुमारे ८० टक्के विशेषज्ञ कमी आहेत. म्हणजे पाचातला एक डॉक्टर हजर. आणि आपण विचारतो, खाटा किती?

मध्यरात्रीचं एक सिझेरियन डोळ्यांसमोर आणा. त्याला काय लागतं? शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, भूल देणारा डॉक्टर, फ्रिजमध्ये रक्ताच्या पिशव्या, बाळाला श्वास देता येणारी व्यक्ती आणि ऑपरेशन थिएटरची नर्स. या पाचांपैकी एक जरी नसला तरी उत्तर एकच मिळतं, "पुढे घेऊन जा." चिठ्ठी लिहिली जाते, १०८ ला फोन होतो. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला साधारण अर्धा लिटर रक्त मिळत असतं. बाळंतपणानंतर गर्भाशय आकसलं नाही तर ते रक्त वाहून जायला लागतं आणि दोन तासांत जीव जाऊ शकतो. जिल्ह्याचं ठिकाण दोन तासांवर असेल तर त्या चिठ्ठीचा अर्थ काय होतो, हे तुम्हीच ठरवा.

अशा रुग्णालयातल्या खाटाही रिकाम्याच असतात. म्हणून मी म्हणतो, रिकाम्या खाटा दोन प्रकारच्या असतात. गावातला आजार आटला म्हणून रिकामी झालेली खाट, आणि डॉक्टर नाही म्हणून कोणी झोपायला तयार नसलेली खाट. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो तो गावात त्या वर्षी कोण कशाने गेलं याची यादी वाचल्यावर. ती यादी कोणी मागत नाही. फलकावर 'ग्रामीण रुग्णालय' खोडून 'उपजिल्हा रुग्णालय' लिहिलं की आपण खूश होतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. निर्णय चांगला आहे, मी त्याचं स्वागतच करतो. पण केसपेपर फुकट झाला म्हणून टेबलामागची रिकामी खुर्ची भरत नाही.

बिल जेव्हा सेवा ठरवतं

सरकारी खुर्ची रिकामी राहिली की रुग्ण जातो कुठे? खासगीकडे. २०१२ मध्ये राज्यात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली आणि केंद्राची आयुष्मान भारत तिला जोडली गेली. या योजनांनी लोकांचे जीव वाचवले आहेत. ज्याला बायपासचा खर्च कधीच झेपला नसता असा शेतमजूर आज ऑपरेशन होऊन शेतात काम करतो. हे नाकारणारा डॉक्टर खोटं बोलतोय.

पण या योजनांची रचना बघा. पैसे मिळतात ते ठरलेल्या पॅकेजचे, म्हणजे रुग्ण भरती झाल्यावर आणि बहुतेक वेळा काही प्रक्रिया झाल्यावर. रक्तदाबाची रोजची गोळी, दर महिन्याची तपासणी, पायाच्या बोटांकडे बघणारी नर्स, यांचं पॅकेज नाही. म्हणजे बीपीची गोळी दहा वर्षं चुकली तर कोणाला काही मिळत नाही आणि काही जात नाही. त्यातून हृदयविकाराचा झटका आला की मात्र रुग्णालयाला पैसे मिळतात. असे पैसे मिळत असतील तर कोणतंही रुग्णालय कोणत्या सेवा वाढवेल? त्यात डॉक्टर वाईट आहेत असं म्हणायची गरजच नाही. पाणी उताराकडे जातं.

आणि उतार फार तीव्र असेल तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. जामखेड ओलांडून थोडं पुढे गेलं की बीड जिल्ह्याची हद्द लागते. तिथल्या ऊसतोड कामगार महिलांची पाहणी २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे आली. ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. म्हणजे सहातली एक. देशभरात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण त्या सुमाराच्या राष्ट्रीय पाहणीत ३ टक्क्यांच्या आसपास होतं.

या बायांच्या तक्रारी काय होत्या? अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीत जास्त रक्तस्राव. यातल्या बहुतेकींना आधी तपासणी आणि गोळ्या लागतात. जंतुसंसर्ग असेल तर काही दिवसांचं औषध पुरतं. पण फडात शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत बसायला जागा नाही, एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, उचल फेडायची असते. वर कोणीतरी सांगतं, "पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल." बाई कर्ज काढून ऑपरेशन करते. कमी वयात गर्भाशय गेलं आणि सोबत अंडाशयंही गेली की शरीरातलं इस्ट्रोजेन अचानक संपतं. हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशी-पस्तिशीतली बाई म्हातारपणाचे आजार घेऊन कोयता चालवत राहते.

आता याच्या शेजारचीच दुसरी गोष्ट ऐका. लगतच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार महिलांवर झालेला एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी एकदा केली आणि दोष आढळलेल्या बायकांवर वेळेत उपचार केले, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. ज्या कॅन्सरची भीती घालून पिशव्या काढल्या गेल्या, तो टाळायचा मार्ग शेजारच्या जिल्ह्यातल्याच गावांत सिद्ध झाला होता. एकाच भागातल्या बायका, एकाच आजाराची भीती. तपासणीत फारसे पैसे नव्हते आणि ऑपरेशनमध्ये होते, एवढाच फरक. म्हणून मी खाटांच्या प्रश्नावर चिडतो. भरायच्या खाटा आधी तयार झाल्या की त्या भरण्यासाठी माणसं शोधली जातात.

आजचा आजार काय मागतो?

एक साधं गणित करू. १ लाख २० हजार लोकसंख्येच्या भागात पंधरा वर्षांवरचे साधारण ९० हजार लोक असतील. पाचातल्या एकाला रक्तदाब धरला तरी १८ हजार रुग्ण झाले. ३० खाटांच्या रुग्णालयात वर्षभरात खाटांचे दिवस किती? ३० गुणिले ३६५, म्हणजे १०,९५०. प्रत्येक बीपीच्या रुग्णाला वर्षातून एक दिवस जरी भरती केलं, तरी खाटा पुरणार नाहीत. शंभर खाटा केल्या तरी मधुमेह, दमा आणि बाकीचे आजार उरतातच. खाटा वाढवून हे सुटणार नाही. गावातच बीपी मोजलं जाणं, गोळी दर महिन्याला मिळणं आणि न आलेल्या रुग्णाच्या घरी कोणीतरी जाणं, यानेच सुटेल. जामखेडने जुलाबासाठी वापरलेलं डोकं आज रक्तदाबासाठी वापरायचं आहे.

मग रुग्णालयात काय हवं? तासाभरात जीव जाऊ शकतो अशा गोष्टींची चोख तयारी. छातीत दुखत असलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत निघाला पाहिजे आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळालं पाहिजे. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा फायदा सगळ्यात जास्त असतो. ते तास शहराच्या रस्त्यावर घालवायचे नसतात. सापाच्या विषावरचं औषध शिल्लक पाहिजे. घोणस किंवा फुरसं चावलंय का हे ठरवायला महागडं मशीन लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि तिरकं करून पाहायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. काचेची नळी आणि घड्याळ, एवढंच सामान. पण ते वापरायला शिकलेला माणूस रात्री तिथे हवा.

कोकणात लाल विंचवाच्या दंशाने मुलं दगावायची, तेव्हा महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध वापरून ते मृत्यू एकदम खाली आणले. त्यांच्याकडे शंभर खाटांचं सुपरस्पेशालिटी रुग्णालय नव्हतं. आपल्या भागात कोण कशाने मरतंय याकडे त्यांचं लक्ष होतं.

"पण डॉक्टर..."

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील, "आरोळेंसारखी माणसं रोज जन्माला येत नाहीत." खरं आहे. पण जामखेडचं काम आरोळेंच्या हातांनी कमी आणि गावच्या शाळा न शिकलेल्या बायांच्या हातांनी जास्त झालं. १९९९ मध्ये डॉ. मेबल गेल्या, २०११ मध्ये डॉ. रजनीकांत गेले, तरी काम थांबलं नाही. जे दोन व्यक्तींशिवाय चालू राहतं, त्याला चमत्कार म्हणून बाजूला सारणं ही आपली सोय आहे.

दुसरा आक्षेप, "आता आशाताई आहेतच की." आहेत, आणि २००५ नंतर ग्रामीण आरोग्यात जे काही सुधारलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण आपण त्यांना कसं वागवतो? प्रत्येक कामामागे मोबदला, तोही वेळेवर नाही. हातात रजिस्टर आणि मोबाईल ॲप. जामखेडची बाई दर आठवड्याला शिकायला जायची. आपली आशा बैठकीला जाते ती आकडे द्यायला. नाव घेतलं, त्यामागचा आत्मा घेतला नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच व्यवसायातून येतो, "विशेषज्ञ खेड्यात राहायला तयार नाहीत." का नाहीत, हेही बोला ना. एकट्या स्त्रीरोगतज्ज्ञाला भूलतज्ज्ञाशिवाय नेमायचं, काही झालं की नातेवाइकांचा मार तिनेच खायचा आणि बदली कधी होईल ते कोणी सांगणार नाही, अशा नोकरीवर कोण टिकेल? डॉक्टर एकेकटे नेमायचे नसतात. स्त्रीरोग, भूल, बालरोग आणि रक्तसाठा हे एकत्र द्यायचे असतात. तालुक्यातल्या चार रुग्णालयांत एकेक विशेषज्ञ विखरून टाकण्यापेक्षा एका ठिकाणी चौघे ठेवा आणि तिथे चोवीस तास सिझेरियन होईल असं बघा. जीव त्याने वाचतील.

तुम्ही काय विचारायचं?

प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. ग्रामसभा आहे, माहितीचा अधिकार आहे, मतं मागायला येणारे उमेदवार आहेत. यापुढे खाटांचा प्रश्न विचारू नका. हे पाच विचारा.

१. गेल्या महिन्यात रात्री आठ ते सकाळी आठ या वेळेत इथे किती सिझेरियन झाली? उत्तर शून्य असेल तर रुग्णालय चोवीस तासांचं नाही.

२. गेल्या महिन्यात किती रुग्ण पुढे पाठवले, कशासाठी, आणि पोचल्यावर त्यांचं काय झालं?

३. तालुक्यात बीपीचे किती रुग्ण नोंदलेले आहेत आणि त्यातल्या कितींचं बीपी १४०/९० च्या खाली आहे? वाटलेल्या गोळ्यांची संख्या सांगितली तर ती घेऊ नका, हा आकडा मागा.

४. आज, या क्षणी, सापाच्या विषावरच्या औषधाच्या किती बाटल्या, रक्ताच्या किती पिशव्या आणि गुठळी विरघळवणारी किती इंजेक्शनं शिल्लक आहेत?

५. गेल्या वर्षभरात आपल्या गावात कोण कशाने गेलं आणि त्यातले कोणते मृत्यू टाळता आले असते?

पाचवा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जामखेडचं काम याच प्रश्नापासून सुरू झालं. रुग्णालयाने कोणती सेवा सुरू करायची, कोणती बंद करायची, पैसे कुठे घालायचे, हे सगळं त्याच्या उत्तरावरून ठरायला हवं. ठेकेदाराच्या निविदेवरून किंवा योजनेच्या पॅकेजवरून नाही. अधिकारी पहिल्या वेळी टाळाटाळ करतील, दुसऱ्या वेळी चिडतील. तिसऱ्या वेळी वही उघडतील.

पुढच्या वेळी कोणी पन्नासचं शंभर खाटांचं करून देतो असं म्हणत तुमच्या दारात आलं, तर त्याला चहा द्या आणि हे पाच प्रश्न हातात ठेवा. उत्तरं घेऊन परत आला, तर मग मत द्यायचा विचार करा.